सारजाबाईच्या हिरड्या

...म्हशीला पायजे म्हनं. ऐकलं का, म्हशीला! काल तळेगावच्या बाजारात मी मिरच्या घेत व्हते, तर मागनं एक बाई पदर वढती, वळख न्हाई पाळख न्हाई, आन् म्हनती, "वडगाव रासाईच्या हौसराव दलालाची थोरली भन ना वं तुमी? ती हिरडी वाढायची गोळी कुठं मिळती? आमची म्हस थकलीय, इकायची हाय, दात झाकलं म्हंजी बरं." आता काय बोलावं मानसानं? वाटलं, हातातल्या मिरच्या हिच्या डोळ्यात घालाव्या. पर मिरच्या बी चांगल्या व्हत्या, म्हनलं जाऊंदे, ठेवल्या पिशवीत आन् आले घरी. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. तुम्हास्नी सांगते, त्या गोळीपायी आमच्या घरातलं मानूस गेलं, सोन्यासारखं मानूस, आन् लोकांच्या ध्येनात ऱ्हायलं काय, तर म्हस.

तुम्ही बसा अशा. पहिल्यापासनं सांगते, म्हंजी तुम्ही तरी कुनाला भलतंसलतं सांगनार न्हाई.

आमचा हौसराव म्हंजी बैलबाजारातला दलाल. जनावराचा वठ बाजूला करायचा, एक नजर टाकायची, आन् सांगायचं, अदत हाय, म्हंजी पक्का दात अजून न्हाई, दुसा हाय, चौसा हाय, म्हंजी दोन दाताचा, चार दाताचा, जुळलाय, म्हंजी समदं दात आलं, न्हाईतर गेलाय कामातनं. कवा चुकायचा न्हाई. जनावराचं वय दातात असतं ना, त्यानं जलमभर दुसरीकडं कुठं बघितलंच न्हाई. मानसाचं तोंड त्याच्या ध्येनात ऱ्हाईना. इचारावं, "अरं, आत्ता रामराम घातला त्यो कोन?" तर म्हननार, "त्यो न्हाई का आक्का, कोसा खोंड नेला आपल्याकनं, डाव्या बाजूचा दात जरा तिरपा." खोंडाचा दात तिरपा, मानसाचा न्हाई! लगीन करायचं ठरलं तवा पोरगी बघाय आमी सगळीच गेलो व्हतो, कुनी रंग बघितला, कुनी केस बघितलं, ह्यो आपला गप बसलेला. परतताना बैलगाडीत मी इचारलं, "कशी वाटली रं?" तर म्हनला, "दात लई चांगलं हायेत, आक्का." झालं. पसंत.

ती सारजा. माझी भावजय. आन् खरंच सांगते, दात चांगलं व्हतं तिचं. जोंधळ्याच्या टपुऱ्या कनसावानी. आन् हसायची कशी, सगळं तोंड उघडून, वट्यावर हसली तर चावडीपतूर कळायचं. मी वरडायची, "अगं, हळू हस, सासुरवाशीन हाय ना तू?" तर त्याच्यावर आनखी हसायची. आता वाटतं कशापायी वरडले.

पोटाला पोर न्हाई झालं तिच्या. एक गाय व्याली आन् मेली, तिचं वासरू हिनं दुधात फडकं बुडवून बुडवून जगवलं, मांडीवर घेऊन. त्याचं नाव ठेवलं चिमण्या. चिमण्या मोठा झाला, ह्यो येवढा थोरला बैल झाला, वशिंड माझ्या डोक्याला लागायचं, तरी नाव चिमण्याच. आन् बैलबी तसाच लाडावलेला. रोज सकाळी हिच्या हातची भाकर खाल्ल्याबिगर दावं सोडू द्यायचा न्हाई, हंबरून हंबरून आळी उठवायचा. हौसराव आतनं म्हनायचा, "गप रं बाबा, येतीया तुझी आय."

बरं, हे समदं सुखाचं चालल्यालं, तर तिला फेफरं यायला लागलं. उभी असायची आन् धाडदिशी खाली. दातखीळ बसायची, तोंडाला फेस. आमी काय केलं न्हाई? कांदा फोडून नाकाला लावला, पायतान हुंगवलं, मीच हुंगवलं, माझंच पायतान. देवऋषी झाला, अंगारा झाला, गंडा झाला. एक डाव चुलीवर पडली, हात कोपरापतूर भाजला. तवा हौसरावनं गाडी जुपली आन् तिला घेऊन शिरूर गाठलं, तिथल्या मिशनच्या दवाखान्यात. अब्राहाम डॉक्टर म्हनून व्हते, शांत मानूस, हळूहळू बोलायचे. हे बघा, असं बोलायचे, "हौसराव, आजार आहे, भूत नाही. ही गोळी सकाळी एक, रात्री एक. एकही दिवस चुकवायची नाही. चुकवली, कमी केली, तर झटका आधीपेक्षा जोरात येतो. आणि एक सांगून ठेवतो, ह्या गोळीनं काहींच्या हिरड्या वाढतात. दात घासत राहा, साफ ठेवा, घाबरू नका."

तर आमचा हौसराव म्हनतो कसा डॉक्टरला, "हिरडीचं माझ्यावर सोडा, सायेब. माझा जलम हिरड्या बघन्यात गेला."

आन् काय सांगू, फेफरं थांबलं की हो! पानशेत फुटलं त्याच्या आदल्या सालाची गोष्ट. एक न्हाई, दोन न्हाई, म्हैने गेलं, सारजा पडली न्हाई. एकटी नदीला धुनं घेऊन जाया लागली. इतकी वरसं तिला नदीला एकटीला कुनी सोडलं व्हतं? पहिल्या दिशी मी चोरून मागं गेले, झाडाआडनं बघितलं, तर बया धुनं टाकून नुसती पान्यात पाय सोडून बसलीय. मी तशीच माघारी आले.

मग हिरड्या वाढाय लागल्या. आधी दातांच्या मधी मधी भुईमुगाच्या दान्यायेवढं काय तरी आलं. मग ते फुगलं, मग वर चढलं, मग पुढच्या दातांचं नुसतं टोक दिसाय लागलं, आन् एक दिस तेबी दिसंना. लाल, टरटरीत, भाकर चावली तर रगात. बायका काय बायका असत्यात का, पानवठ्यावर इचारायच्या, "सारजाबाय, दात काढून टाकलं का वं?" मी सांगायची, "दात हायेत वं, दिसत न्हाईत येवढंच." घरी पाव्हनं आलं, तेच. भटजी आला, तेच. दात हायेत हो, दिसत न्हाईत येवढंच. येवढं सांगून सांगून माझंच दात दुखाय लागलं.

पर सारजा? सारजानं पदर तोंडाला लावला त्यो लावलाच. हसनं गेलं. मग बोलनं गेलं. काय इचारलं तर मान हालवायची. व्हय म्हंजी खाली, न्हाई म्हंजी आडवी. हौसराव जेवताना गमती सांगायचा, बाजारातल्या नकला करायचा, ती पाठ फिरवून भाकरी थापायची. मला म्हनला एकदा, "आक्का, घरात मुकं जनावर बरं, ते हंबरतं तरी." आन् त्याचं डोळं भरलं. मी माझ्या भावाच्या डोळ्यात पानी आई मेली तवा बघितलं व्हतं, त्याच्यानंतर त्या दिशी.

आता बाजारात एक भैरू हाय. ह्योबी दलालच, हौसरावचा जोडीदार म्हना, वैरी म्हना, एका ताटात जेवनार आन् एकमेकाचं गिऱ्हाईक फोडनार. जीभ म्हंजी कात्री. भर बाजारात हौसरावला म्हनला, "आप्पा, ऐकलं, वहिनी पुन्हा अदत झाल्या म्हनं?" हसली की समदी. हौसरावनं त्याचं मुंडासं धरलं, पर भैरू काय थांबतोय? "न्हाई, मी काय म्हनतो, ती गोळी मला बी आना की. म्हाताऱ्या बैलाची हिरडी खाली जाती, दात लांब दिसत्यात, वय कळतं, बरुबर? मग ह्या गोळीनं हिरडी वर येती. घाला बैलाला! दात झाकलं, म्हातारा बैल चौसा म्हनून खपला. कोन खुळा दौंडला पाठवील मग?" आता मातूर हौसरावलाबी हसू आलं. आवो, धंद्याची गंमत, धंद्यातल्या मानसालाच कळती.

आन् तीच गंमत त्यानं घरी येऊन सांगितली. सारजा हसंल म्हनून. भैरूची नक्कल करून सांगितली, हात वारं करून करून, मी हसून हसून लवंडले. सारजा हसली न्हाई. पर थापायची थांबली, आन् पदराआडनं बघत ऱ्हायली त्याच्याकडं. हौसरावला वाटलं, चला, निदान ऐकलं तरी.

दौंडला पाठवनं म्हंजी काय, म्हाईत हाय ना? तुम्ही शहरातल्या असाल तर सांगते. आमच्याकडं म्हाताऱ्या बैलाला भीमा वलांडून दौंडला नेत्यात. तिथं ठेसनावर वाघिनी उभ्या असत्यात रेल्वेच्या, त्यात चढवत्यात, आन् वाघीन जाती मम्हईला. पुढचं कुनी बोलत न्हाई. बैल कुठं गेला? दौंडला गेला. संपलं. चुलीत लाकूड सारून मानूस दुसरं काय तरी बोलतं.

तर त्या साली चिमण्या थकला. वढंना. चढाला बसाय लागला. हौसराव जेवता जेवता म्हनला, सहज, मीठ मागावं तसं म्हनला, "चिमण्याचं बघाय पायजे आता. दिवाळी झाली की नेतो दौंडला." मी काय म्हनले? मी म्हनले, "व्हय, वैरन बी म्हाग झालीय." सारजा काय बोलली न्हाई. ती कुठं बोलत व्हती? तिचा परातीतला हात थांबला. येवढंच. मग पुन्हा चालू झाला.

आता ऐका. पुढचं ऐका, कारन हितंच माझ्या भावाचं काळीज फाटलं. गनपतीच्या आसपास हौसराव सकाळीच पळत माझ्याकडं, "आक्का, आक्का, चल, बघ." काय रं? "दात दिसला." कुनाचा? "कुनाचा म्हंजी? सारजाचा!" म्हनलं बघू. जाऊन बघते तर खरंच की, वरच्या दोन दातांची पांढरी टोकं. हिरडी उतराय लागली व्हती. हौसरावला कोन आनंद. त्यो रोज सकाळी सवता बाभळीची काडी चावून, कुंचा करून तिच्या हातात द्यायचा, मीठ हळद लावायचा. डॉक्टर म्हनले व्हते ना, दात साफ ठेवा? तर ह्याला वाटलं, माझ्या काडीचा गुन. बाजारात सांगत सुटला, "बाभळीची काडी! जनावराची हिरडी कळती, मानसाची कळनार न्हाई व्हय?" भैरूला बोलावून चा पाजला. भैरूला!

आन् दात दिसाय लागलं तशी सारजा पदर काढाय लागली. एक दिस मी ताकाची घागर घेऊन घरात शिरताना पाय घसरून बसले, समदं ताक अंगावर, आन् ती हसली. तोंड उघडून. पहिल्यावानी. मी ताकात बसलेली तशीच ऱ्हायले. म्हनलं, हस बाई, पायजे तर आनखी एक घागर वतते. हौसराव गोठ्यातनं धावत आला, काय झालं म्हनून, आन् ती हसताना बघून उंबऱ्यावरच उभा ऱ्हायला. चांगला हातपाय धड मानूस, उंबरा वलांडायचं इसरला.

आमाला काय ठावं, दात कशानं दिसत्यात? ती पुऱ्या गोळ्या खात न्हवती हो. एक खायाची, एक चिमण्याला. मग कवा कवा दोन्ही चिमण्याला. पहाटं भाकरीच्या तुकड्यात दाबून. त्याची हिरडी वर यावी म्हनून. दात झाकलं की त्यो म्हातारा दिसायचा न्हाई, मग कुनीतरी शेतकरी घेईल, चार वरसं सावलीला बांधंल, दौंडला जायचा न्हाई. भैरूची गंमत घरात एकटीनंच खरी मानली. आन् का मानू नये? तिच्याच तोंडात दिसत न्हवता का गोळीचा परताप?

मधी एकदोन डाव तिच्या हातातनं तांब्या पडला. एक डाव बोलता बोलता टक लावून बघत बसली, हाक मारली तर ओ न्हाई. मी म्हनलं, रातीची झोप न्हाई झाली. येवढं शानपन माझं.

दिवाळी आठवड्यावर आल्याली. सकाळचा चिमण्या हंबराय लागला. रोजचंच. हौसराव आतनं म्हनला, "गप रं बाबा, येतीया तुझी आय." हंबरतच ऱ्हायला. हौसरावनं तोंड धुतलं. हंबरतच ऱ्हायला. मी म्हनलं, सारजे, घाल गं त्याला काय ते. कुनी ओ देईना. मग हौसराव गेला गोठ्यात.

दगडी डोन हाय तिथं, जनावरांच्या पान्याची. गुडघ्यायेवढंबी पानी नसतं. झटका आला तवा ती डोनीपाशी व्हती. तोंड पान्यात गेलं. येवढ्याशा पान्यात हो. जी बाई नदीत पाय सोडून बसायची तिला बैलाच्या डोनीतलं पानी पुरलं. चिमण्यानं दावं तोडाय वढ काढून काढून मान सोलून घेतली व्हती.

तिची मूठ वळलेली. बायका आंघुळ घालताना उघडली मी, तर भाकरीचा तुकडा, आन् तुकड्यात गोळी. तसाच बाहेर आनून दावला, कुनाला उमजंना. बैलाच्या भाकरीत गोळी कशाला? समदी एकमेकाकडं बघायली. भैरू आला व्हता, खांदा द्यायला, दारात उभा व्हता. त्यानं त्या तुकड्याकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं, आन् मटकन खाली बसला. म्हनला, "आप्पा, मी चेष्टा केली व्हती." हौसरावला तवाबी कळलं न्हाई. मग कळलं. मग भैरूला त्यानंच उठवलं, धरून. मारंल असं वाटलं व्हतं मला. उठवलं.

मयताच्या तोंडात तुळशीचं पान ठेवायचं असतं. हौसराव ठेवाय वाकला. वठ जरासा बाजूला केला त्यानं, बोटानं, जसा आख्खा जलम करत आला तसा, आन् थांबला. दात समदं दिसत व्हतं. टपुरं, पांढरं. पान हातात तसंच. भटजी म्हनला, "ठेवा, आप्पा." ठेवंना. मीच मग त्याच्या हातातलं घेतलं आन् ठेवलं.

डॉक्टरला सांगाय शिरूरला गेला, तवा मी संगं व्हते. अब्राहाम डॉक्टरांनी समदं ऐकून घेतलं. मग हळूच म्हनले, "गोळी कमी पडली की हिरडी उतरते, हौसराव. दात दिसायला लागले तेव्हाच मला कळवायचं होतं." त्यांनी रागानं न्हाई म्हनलं, त्यांच्याबी डोळ्यात पानी व्हतं. पर हौसरावच्या काळजात ते गेलं ते गेलंच. बाजारात जानं त्यानं सोडलं. कुनी बैल दावाय घेऊन आलं तर म्हनतो, "मला दात कळत न्हाईत. दुसऱ्याला दावा." लोक हसत्यात, वाटतं थट्टा करतोय. दात हायेत हो समोर, ह्याला दिसत न्हाईत येवढंच.

आन् चिमण्याची हिरडी? बघितली ना मी. तसूभर हालली न्हाई. येवढा थोरला बैल, त्याला त्या येवढ्याशा गोळ्या काय करनार? जशी व्हती तशीच. आता त्या म्हशीवालीला ह्ये सांगू का? सांगून कळंल तिला?

परवा मी आन् हौसराव वट्यावर बसलो व्हतो. मला ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, "हौसा, गोळ्या कशाला घालाय पायजे व्हत्या तिनं? एक डाव तोंड उघडून म्हनली असती, चिमण्याला इकू नगा, तर तू इकला असतास का रं?"

त्यानं गोठ्याकडं बघितलं. मग म्हनला, "इकला असता, आक्का."

त्याला ठावं व्हतं, तिला ठावं व्हतं, मलाबी ठावं व्हतं. वैरन म्हाग हाय म्हननारी मीच ना?

तर आता दौंडचा व्यापारी म्हैन्या दोन म्हैन्यानं येतो, चिमण्याचं इचारतो. हौसराव त्याला बसाय घोंगडं टाकतो, पानी देतो, चा देतो, आन् म्हनतो, "बैल माझा न्हाई, पाव्हनं, बायकूचा हाय. ती व्हय म्हनली की घेऊन जा."